कपाटाची किल्ली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. रुजू होऊन दोन महिने झाले तरी वर्गातला स्मार्ट टीव्ही तू अजून सुरू केलेला नाहीस आणि त्याचे कारण वीज किंवा रेंज नसून, मुलांसमोर आपले काही चुकेल ही धास्ती आहे, हे तू आडपडदा न ठेवता लिहिलेस, याचे बरे वाटले. घरी मोबाइल हाताळणे वेगळे आणि वर्ग सांभाळत पडद्यावर पाठ दाखवणे वेगळे, हे मला मान्य आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा, १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या खडू-फळा योजनेतून आमच्या दोन शिक्षकी शाळेला पृथ्वीगोल, नकाशे आणि विज्ञानपेटी मिळाली होती. सगळे साहित्य जडसंग्रह नोंदवहीत चढले आणि कुलूपबंद झाले, कारण काही फुटले तर भरपाई पगारातून होईल, असे आम्हाला बजावले होते. मी तीन वर्षे फळ्यावर वर्तुळ काढून पृथ्वी शिकवली आणि खरा पृथ्वीगोल माझ्यापासून चार हातांवर कपाटात होता. किल्ली मागण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या मुलांचे देणे अजून मनात आहे.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा जो तो दहा लाख डॉलरविषयी बोलत होता. मला मोल वाटले ते त्यांनी पाठ्यपुस्तकांत घातलेल्या क्यूआर कोडचे, कारण मुलांच्या हातातले पुस्तक तेच राहिले आणि त्याच पानावरून पाहण्या-ऐकण्याची वाट उघडली. बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड आहेत. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरील हवा तो भाग तालुक्याला गेलीस की आधीच उतरवून ठेव, म्हणजे वर्गात रेंजची वाट पाहत बसावे लागणार नाही. आणि मुले येण्यापूर्वी रिकाम्या वर्गात एकदा तो चालवून पाहा.

मात्र सगळेच पडद्यावर नेऊ नकोस. अपूर्णांक शिकवायला भाकरीचे चार तुकडे किंवा घडी घातलेला कागद पुरतो आणि तो मुलांच्या हातात असतो. चंद्रकलांचे तसे नाही. अंधाऱ्या खोलीत बॅटरी आणि चेंडू घेऊन आधी प्रयोग कर, मग चित्रफीत दाखव आणि मध्येच थांबवून पुढे चंद्र कसा दिसेल ते मुलांना विचार. न थांबवता दाखवलेली चित्रफीत म्हणजे शिक्षकाने स्वतःला दिलेली मधली सुट्टी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचनात अडखळणाऱ्या मुलाचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून फक्त त्यालाच ऐकव. तू चूक दाखवण्यापूर्वीच त्याला ती बहुधा सापडेल. इतरांसमोर मात्र ते लावू नकोस.

टीव्हीची वायर कुठे लावायची हे एखाद्या मुलाला तुझ्याआधी कळले, तर त्याला पुढे बोलाव आणि लावायला सांग. मुले हसली तर हसू देत. तुझ्या आईच्या मते मी पंचवीस वर्षे वर्गात कविता बेसूर म्हटल्या आणि तरीही मुलांना त्या पाठ झाल्या.

रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो, असे तू लिहिले आहेस. सोमवारी परिपाठ झाल्यावर तो मागून घे आणि ते काय म्हणाले, ते कळव.

तुझे,
बाबा