तोच वास

प्रिय सुमे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही, तिसरं तू लिहिलंच नाहीस. राग आला असेल आणि तो रास्त आहे. माझी तब्येत ठीक. गुडघा तसाच आहे. डॉक्टर डावा पाय जपा म्हणाले, म्हणून तर क्लचची गाडी विकली आणि ही ऑटोमॅटिक घेतली. आई मजेत.

आज लिहायला बसवलं ते एका वासाने. परवा तळघरातल्या पार्किंगमधून वर येत होते. चढावर पुढे सात-आठ गाड्या, सगळ्या मुंगीच्या पावलांनी सरकताहेत. मी ब्रेक न दाबता, ॲक्सिलरेटरवर नुसता अंगठा टेकवून गाडी चढावर तोलून धरली होती. आपण करायचो तशी. थोड्या वेळाने गाडी थरथरायला लागली आणि मग वास आला. सुमे, तोच! अण्णांच्या गाडीला त्या रविवारी आला होता तो. मागोमाग समोर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा उमटला. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली, ‘पी’मध्ये, म्हणजे पार्किंगच्या गिअरमध्ये टाकली, इंजिन चालू ठेवून ती निवेपर्यंत तशीच बसून राहिले. हात गार पडले होते.

या गाडीला क्लच नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. अगं, इंजिन गिअरला जोडणारे-सोडवणारे क्लच इथे एक सोडून दोन आहेत, फक्त पायाला पेडल नाही! एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. आपण दुसऱ्यात असतो तेव्हा तिसरा आतल्या आत आधीच पडलेला असतो. एक क्लच सोडतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. मोकळ्या रस्त्यावर गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही, इतकं ते सुरेख आहे. तुला इतिहासाचा सोस म्हणून सांगते : ही दोन क्लचची कल्पना १९३९ सालची, अडॉल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच अभियंत्याची. रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळणारा आणि बर्फात चालावी म्हणून गाडीला मागे चाकांऐवजी पट्टे बसवणारा तो हाच. पण सर्वसामान्यांच्या गाडीत ती यायला २००३ साल उजाडलं, फोक्सवॅगनच्या गोल्फमधून. इतकी वर्षं कशाला लागली, तर दोन क्लच इतक्या नेमकेपणाने सांभाळायला संगणक हवा होता.

आणि घोडं अडतं ते नेमकं हळू चालताना. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरच्या मधे तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. सरकताना तेल घुसळलं जातं, चकती झिजत नाही. इथे खरीखुरी क्लचप्लेट आहे, आणि माझ्या गाडीतली तर कोरडी. काही गाड्यांत ती तेलात बुडालेली असते, तिची उष्णता तेल वाहून नेतं; माझीला फक्त हवा. म्हणजे ब्रेक सैल सोडून मी इंच इंच सरकते तेव्हा आत अर्धा क्लच, म्हणजे पुरता न धरता घासत राहणं, चालू असतो, फक्त तो माझ्या डाव्या पायाऐवजी यंत्र करतं. पाय रिकामा झाला, घासणं तेवढंच राहिलं.

तेव्हापासून गर्दीत चालवायची रीतच बदलली. ब्रेक ठाम दाबला की क्लच पुरता सुटतो, म्हणून थांबायचं तर पुरतं थांबायचं. पुढच्याने हातभर जागा दिली म्हणून लगेच सरकायचं नाही. दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग एकदाच निघायचं, म्हणजे क्लच पूर्ण धरतो आणि घासणं संपतं. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. गतिरोधकापाशी आणखी एक गंमत. वेग कमी केला की यंत्राला वाटतं मी थांबणार, ते पहिल्याची तयारी करतं. मी मध्येच ॲक्सिलरेटर दाबला की त्याची त्रेधा उडते, क्षणभर काहीच होत नाही आणि मग हिसका. पाय हलकेच टेकवून श्वासभर थांबलं की हिसका येत नाही. अण्णा स्टिअरिंगवर बोटाने ताल धरायचे ना, तसा मी मनात धरते.

मागे घेताना मात्र अजून पोटात गोळा येतो. गेल्या महिन्यात आमच्या जागेवर गाडी मागे घेत होते, चाकाशी दोन बोटांची पायरी. आई मागे उभी राहून हात दाखवत होती. नुसत्या ब्रेक सोडण्यावर गाडी पायरी चढेना. थोडं दाबलं, काही नाही. आणखी दाबलं आणि क्लचने एकदम धरलं. गाडी उडी मारल्यासारखी मागे आली. ब्रेक लागला तेव्हा आई आणि डिकी यांच्यात वीतभर अंतर होतं. ती हसली, म्हणाली, “तुझ्या गाडीला घाई फार.” मी त्या रात्री झोपले नाही. क्लचच्या पायाला धरल्याचं आधी कळायचं गं, टाचेत, पोटरीत. इथे ते कळायला जागाच नाही. आता आईला मागे उभी राहू देत नाही, बाजूला, मला दिसेल अशी. आणि पायरीवर एवढंसं दाबून ठेवायचं, वाढवायचं नाही, त्याला धरायला वेळ द्यायचा, पाय ब्रेककडे न्यायच्या तयारीत.

आता जे लिहायचं आहे ते. त्या रविवारी प्लेट जळली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, सुमी क्लचवर पाय ठेवून चालवते. तू म्हणालीस, “तू चढावर ब्रेक लावतच नाहीस, क्लचवर झुलवतेस.” अण्णांनी कुणालाच काही विचारलं नाही, गुपचूप नवी प्लेट बसवून आणली. आपण ताईच्या लग्नापर्यंत बोललो नाही. सुमे, ती मीच जाळली होती. परवा चढावर माझा पाय नेमकं तेच करत होता, इतक्या वर्षांनंतरही. तुझं बरोबर होतं. अण्णांनाही ते ठाऊक असणार. त्यांना सांगायचं राहून गेलं, म्हणून तुला सांगते आहे.

तुझं नवं घर कसं आहे? धाकटीचा निकाल लागला का? नोकरी सोडायचं खरंच ठरलं असेल तर फोन कर, हे पत्रात बोलण्यासारखं नाही.

आणि ये. शेजारी बस. ती पायरी मला तुझ्यासमोर चढायची आहे. पूर्वीसारखं ओरडलीस तरी चालेल.

तुझी,
नमी