डोक्याला मार लागल्यानंतर बदललेला माणूस

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुचाकीच्या अपघाताच्या बातमीत मृतांचा आणि जखमींचा आकडा येतो, हेल्मेट होते की नव्हते याचा उल्लेख येतो आणि 'जखमीची प्रकृती स्थिर आहे' या वाक्यावर बातमी संपते. त्या वाक्यानंतर जखमीच्या घरात काय सुरू होते, त्याविषयी हे पत्र आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाची मोटारसायकल घसरली आणि तो डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. पाच दिवस तो बेशुद्ध होता. तीन आठवड्यांनी घरी आला तेव्हा हातपाय व्यवस्थित चालत होते, बोलणे स्पष्ट होते, जुना हिशेब तोंडपाठ होता, आणि आम्ही ग्रामदैवताला नारळ फोडून मोकळे झालो. तालुक्याच्या गावी त्याचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला नाही, याची त्याची पारख पंचक्रोशीत माहीत होती. पुढच्या खरिपात त्याने जुन्या थकबाकीदारांनाच पुन्हा माल दिला. 'अमुक माणूस पैसे देईल का?' असे विचारले की तो शांतपणे म्हणे, 'नाही देणार'. आणि त्याच दिवशी दुपारी त्याच माणसाच्या गाडीत पोती चढत. आणखी एक गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही: दुकानातल्या कीटकनाशकांचा उग्र दर्पही त्याला येईनासा झाला होता.

या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच जागी असू शकते. डोळ्यांच्या खोबणींच्या छतावर मेंदूचा जो भाग टेकलेला असतो, त्याला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. ते हाडाचे छत आतून खडबडीत असते, त्यामुळे डोके जोरात आपटले की मेंदूचा हा भाग त्यावर घासून ठेचला जातो. मार मागून लागला तरी जखम पुष्कळदा पुढच्या टोकाला होते ती यामुळेच. नाकातून वासाची जाणीव नेणारे नाजूक तंतू तेथेच चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि त्याच धक्क्याने तुटतात. म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसाला वास येईनासा झाला असेल, तर त्याच्या वागण्याकडेही बारकाईने पाहावे, असे मला आज कळकळीने सांगावेसे वाटते.

हा भाग करतो काय? एखादी गोष्ट या घडीला आपल्याला किती मोलाची आहे, याचा ताजा हिशेब येथे ठेवला जातो. 1999 साली अमेरिकेत उंदरांवर झालेला एक प्रयोग वाचताना मला भाऊच डोळ्यांसमोर दिसला. दिवा लागला की खाऊ मिळतो, हे उंदरांना आधी शिकवले, मग त्या खाऊनंतर त्यांना मळमळ होईल अशी व्यवस्था केली. मेंदू शाबूत असलेले उंदीर पुढे दिवा लागला तरी खाऊच्या भांड्याकडे फारसे जाईनात. ज्यांच्या ऑर्बिटोफ्रंटल भागाला इजा केली होती, तेही समोर ठेवलेला खाऊ नाकारत होते, म्हणजे त्याने त्रास होतो हे त्यांना कळले होते. तरीही दिवा लागताच ते पूर्वीसारखेच भांड्याकडे धावत. कळणे शाबूत होते, पण दिवा दिसल्यावर ते कळणे वागण्यापर्यंत पोचत नव्हते.

माणसांतले उदाहरण 1985 साली प्रसिद्ध झाले. मेंदूच्या या भागावर दाब देणारी गाठ काढताना एका हिशेबनिसाचा हाच भाग दोन्ही बाजूंनी काढावा लागला. पुढे बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत तो सरासरीच्या पुष्कळ वर राहिला, परंतु नोकऱ्या टिकेनात, आणि सर्वांनी बजावूनही एका संशयास्पद माणसाशी भागीदारी करून त्याने दिवाळे काढले. 1994 साली आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी अशा रुग्णांना पत्त्यांच्या चार गड्ड्यांपुढे बसवले. दोन गड्ड्यांत मोठी बक्षिसे आणि त्याहून मोठे दंड होते, उरलेल्या दोहोंत लहान बक्षिसे आणि त्याहून लहान दंड. निरोगी माणसे काही वेळाने दुसऱ्या जोडीकडे वळली. रुग्ण तोट्याच्याच गड्ड्यांतून पत्ते उचलत राहिले.

आम्हाला एका डॉक्टरांनी 'याचा ब्रेक गेला आहे' असे समजावले होते. त्या उपमेने धीर आला, पण ती अपुरी आहे. 2013 साली माकडांवरच्या एका अभ्यासात शेजारून जाणारे मज्जातंतू जपून केवळ या भागातल्या पेशी नष्ट केल्या, तेव्हा ती माकडे चुकीच्या पर्यायापासून हात आवरू शकली, म्हणजे ब्रेक शाबूत होता. मात्र पोटभर खाऊन झालेल्या खाऊचे घटलेले मोल त्यांच्या निवडीत उतरेना. आजकाल प्रत्येक सवयीचे खापर 'डोपामिन' या मेंदूतल्या रसायनावर फोडणारे लेख वाचताना मोल ठरवण्याचे हे वेगळे काम कुठेच दिसत नाही, याची मला खंत वाटते.

दोन वर्षे आम्ही भावाला 'वाया गेला', 'मुद्दाम करतो' असे म्हणत राहिलो. घरी सोडताना दिलेल्या कागदावर जखमेची पट्टी, गोळ्या आणि टाके यांविषयी सूचना होत्या. स्वभाव बदलू शकतो, पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याने पाहावेत, सहा महिन्यांनी मेंदूच्या कार्याची मानसशास्त्रीय तपासणी करावी, यांपैकी एकही ओळ नव्हती. ती प्रत्येक रुग्णालयाने छापावी. नुकसानभरपाईच्या वेळी हातपाय किती वळतात यावरून अपंगत्वाची टक्केवारी निघाली, आणि दुकानाची उधारी बुडाली त्याला त्यात जागाच मिळाली नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांमध्येही डोक्याच्या इजेला स्वतंत्र नाव नाही, ते असावे.

आता उधारीची वही वहिनींकडे असते. त्यांच्या सहीशिवाय पोते हलत नाही, आणि भावालाही ते मान्य आहे. आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे: ज्या जखमीची प्रकृती स्थिर असल्याचे आपण छापले, त्याच्या घरी सहा महिन्यांनी एकदा जावे आणि घरातल्या बाईमाणसांना विचारावे.

कळावे,
आपली एक वाचक,
सांगली जिल्हा