बंड्यास पत्र : काकूंची लिली काढून टाकू नकोस

पुणे, २४ ऑगस्ट

प्रिय बंड्या,

काल रात्री तुझ्याकडच्या लिलीचा फोटो आला आणि खाली एकच ओळ, "दोन वर्षं झाली, नुसती पानंच येतायत, काढून टाकू का?" मी घाईघाईत "नको नको" एवढंच टाकलं कारण पुढचं सगळं मोबाईलवर टाइप करण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सकाळी चहा झाल्या झाल्या लॅपटॉप घेऊन बसलोय. पहिलं सांगतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. कंद तिन्ही जिवंत आहेत, पानं हिरवीगार आहेत, तेव्हा काहीही हाताबाहेर गेलेलं नाहीये.

वाईचं परस आठवतंय ना? विहिरीच्या कठड्याला लागून काकूंची ती लाल लिलीची रांग (आपण जिला अमरिलिस म्हणतो तीच), पूर्वेचं ऊन थेट अंगावर यायचं. काकू त्यांचं वेगळं असं काहीच करायच्या नाहीत असं आपल्याला वाटायचं. पण मला पक्कं आठवतंय की रोज सकाळी बंब विझला की त्यातली राख त्या पत्र्याच्या घमेल्यात काढून त्या रांगेत टाकायच्या, आणि आपण क्रिकेट खेळताना त्या पानांवर पाय पडला की ओरडा ठरलेला, "फुलं तोडा हवी तर, पानांना हात लावू नका". तेव्हा वाटायचं की काकूंचं उलटंच आहे सगळं, माणसं फुलं जपतात आणि ह्या पानं जपतात. आता कळतं की त्यांना जे कळलं होतं ते मला कळायला तीन उन्हाळे गेले.

घर विकलं त्या वर्षी मी गोणपाटात भरून पंचवीसेक कंद इकडे आणले, त्यातले तीन तुझ्याकडे. माझ्याकडेही पहिली दोन वर्षं एक फूल नाही आलं, हे मी तुला तेव्हा बोललो नव्हतो कारण काकू जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि मला अपराधी वाटत होतं. मग पावसाळ्यात एक कंद सडला, मी तो एका शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीत लावला होता, खाली भोक नाही, पाणी साचून राहिलं. टाकून देण्याआधी मी तो सुरीने उभा मधोमध कापला. कांद्यासारखे पापुद्रे, एका बाजूने पिवळट मऊ पडलेले, दुसरी बाजू मात्र पांढरी कडक, आणि त्या चांगल्या बाजूला दोन पापुद्र्यांच्या मधे चपटं, तांदळाच्या दाण्याएवढं, फिकट हिरवं काहीतरी होतं. नखाने सोलून बघितलं तर आत अजून बारीक कळ्यांचा पुंजका. ऑगस्ट महिना होता रे, फुलायला सात महिने होते आणि फूल आत तयार बसलेलं होतं. मी किती तरी वेळ ते तसंच हातात धरून ओट्यापाशी उभा होतो.

नंतर वाचून काढलं. ह्या झाडाचा हिशोब असा आहे की साधारण चार पानांमागे कंदाच्या आत एक फुलाचा दांडा धरतो, आणि आत धरल्यापासून बाहेर डोकं काढेपर्यंत जवळजवळ वर्ष जातं. म्हणजे मार्चमधे जे फूल दिसतं त्याची तयारी आधीच्या वर्षीची. आणि कंद उपाशी राहिला तर आत धरलेली कळी आतच सुकून जाते, बाहेर आपल्याला काही पत्ता लागत नाही, आपण म्हणतो फूल धरलंच नाही. तुझ्या कंदांचं हेच झालंय असं मला ठामपणे वाटतं.

कारण तुझा फोटो मी मोठा करून बघितला. पानं लांबच लांब, अरुंद, कठड्यावरून खाली लोंबलेली. हे उन्हासाठी धावलेलं पान आहे. तुझी गॅलरी उत्तरेची, तिथे जून महिना सोडला तर सरळ ऊन येतच नाही. ह्याला रोज चार-पाच तास तरी थेट ऊन पाहिजे, तेव्हा आजच्या आज कुंड्या गच्चीवर ने, पूर्वेच्या कठड्याशी ठेव. एकदम भर उन्हात नको, आधी आठवडाभर सकाळचं, मग वाढव. विटांवर ठेव म्हणजे पावसाचं पाणी खालून निघून जाईल.

दुसरं, तू कंद बटाट्यासारखे पुरलेत. मान आणि वरचा निदान एक तृतीयांश भाग मातीच्या बाहेर दिसला पाहिजे. आत्ता उपटू नकोस, ह्याची मुळं जाड, वर्षानुवर्षं टिकणारी असतात आणि ती तुटली की कंद ती परत करण्यात ताकद घालवतो, नुसती बोटांनी वरची माती बाजूला कर. आणि पुढे कधी बदललीस तर मोठी कुंडी घेऊ नकोस, एका कंदाला आठ इंची खूप झाली, ह्याला दाटीत राहायला आवडतं. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि सड तिथूनच सुरू होते.

खताचं नीट ऐक कारण वेळ थोडा आहे. तू युरिया घालतोस म्हणालास, तो आधी बंद. युरियाने पान फोफावतं आणि फूल मागे पडतं. आत्ता एकदा मूठभर जुनं शेणखत आणि चमचाभर निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळ, आणि महिनाभर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) एका लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. गौरी-गणपती झाले की ते थांबवून ०:०:५०, म्हणजे तिन्हींतलं नुसतं पालाश (पोटॅश), तेवढंच प्रमाण, दसऱ्यापर्यंत. काकूंच्या राखेतही पालाश होतंच की.

आता पावसाळी अळी. ही मला सगळ्यात जास्त नडलीये. काळ्या रंगाची, अंगावर पांढरट-पिवळे पट्टे किंवा ठिपके, पतंगाची असते, पानाच्या मागच्या बाजूला अंडी आणि मग एका रात्रीत पान साफ. सुरुवातीला ती पानाच्या आतच असते, वरून फक्त पारदर्शक डाग दिसतो, आणि वेळेत सापडली नाही तर पानातून खाली उतरत कंदात शिरते. दोन वर्षांपूर्वी मी चार दिवस नाशिकला गेलो आणि परत आलो तर सात कुंड्यांत फक्त खुंट उरले होते. औषधांच्या मागे लागू नकोस, रात्री जेवण झालं की टॉर्च घेऊन पानं उलटून बघ, मिळेल ती चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात, डाग असलेलं पान तेवढंच काप, आणि आठवड्याला नीम तेलाची फवारणी संध्याकाळी. वहिनींना पण दाखवून ठेव, दोन डोळे जास्त असले की बरं.

आणि कृपा करून पानं कुणी कापणार नाही हे बघ. आमच्या सोसायटीच्या माळ्याने एकदा जुलैत, "साहेब, साफ दिसेल" म्हणून माझ्या खालच्या रांगेची सगळी पानं जमिनीलगत छाटली. तो चांगल्या मनानेच करत होता, पण पुढचा अख्खा उन्हाळा त्या रांगेत एक दांडा आला नाही. आता मी त्याला तो कापलेल्या कंदाचा फोटो दाखवला, तर तोच बाकीच्यांना सांगतो हात लावू नका.

दिवाळी झाली की पाणी कमी करत करत डिसेंबर लागता लागता बंद. पानं पिवळी पडतील, घाबरू नकोस, स्वतःहून वाळलेलंच काढ, हिरवं राहिलं तर राहू दे. कुंडीतच ठेव, कोरडी, सावलीत, थंडीत, आठ-दहा आठवडे. तुमच्याकडे रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो ते ह्याला अगदी मानवतं. कुणी कंद बाहेर काढून ठेव म्हणालं तर ऐकू नकोस, आणि कधी काढावेच लागले तर कांद्याच्या टोपलीजवळ चुकूनही नको, हुबेहूब कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात, लायकोरिन नावाचं विष असतं त्यात, पोटात गेलं तर उलट्या होतात. तुझी नात आता सगळं तोंडात घालते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

फेब्रुवारीच्या मध्यावर, शिवरात्रीच्या आसपास, कुंडी उजेडात आणून एकदा भरपूर पाणी दे आणि मग माती वाळेपर्यंत परत देऊ नकोस. इथे बरेच जण चुकतात, दांडा दिसत नाही म्हणून रोज पाणी घालतात.

नेटवर वाचणार असशील तर एक लक्षात ठेव, अमरिलिस नावाने दोन वेगळी झाडं आहेत. खरी अमरिलिस दक्षिण आफ्रिकेची, आणि आपण जिला अमरिलिस म्हणतो ती हिप्पिॲस्ट्रम, मूळ दक्षिण अमेरिकेची, दोघींचं वेळापत्रक वेगळं. शिवाय युरोपातली माहिती नाताळात घरात फुलवण्यासाठी असते, ती आपल्या महिन्यांना लावू नकोस. ह्याच वाचनात मला सापडलं की ह्या लिलीचा पहिला संकर १७९९ मधे इंग्लंडात जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीने केला, लाल पाकळी आणि मधून पांढरी रेघ. काकूंची लिली त्याच वळणाची, लाल आणि मधे पांढरी रेघ. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आणि वाईतलं आपलं परस, मला हे वाचून काय बरं वाटलं सांगू.

फूल येऊन गेलं की वाळलेली फुलं लगेच खुड, बी धरू देऊ नकोस, पण हिरवा दांडा आपणहून पिवळा पडेपर्यंत ठेव. आणि एप्रिल-मेमधे तुमच्याकडे ४५ अंश होतं तेव्हा कुंडी फक्त सकाळच्या उन्हात, दुपारी हिरव्या नेटखाली, नाहीतर नवीन पानं भाजतात आणि मग परत पहिल्यापासून सगळं.

कंदाच्या कडेला लसणाच्या पाकळीसारखी पिल्लं दिसली तर वेगळी करू नकोस एवढ्यात, त्यांना फुलायला दोन-तीन वर्षं लागतात आणि आईजवळ ती लवकर भरतात. झाली मोठी की एक माझ्या ताईसाठी ठेव, तिने वाईहून नेलेले गेले.

मार्चमधे रोज सकाळी मानेच्या बाजूला बघत जा. पान मधून येतं आणि चपटं असतं. कळीचा दांडा मधून नाही, कडेने येतो, जाडसर, भाल्याच्या टोकासारखा, बोटाने हलकेच दाबला तर आत काहीतरी भरलेलं जाणवतं. ते दिसलं की फोटो पाठवू नकोस, फोन कर, कितीही वाजले असू देत.

आत्ता मात्र फोटो पाठव, कुंड्यांच्या खालच्या बाजूचे, भोकं किती आहेत ते बघायचंय मला. वहिनींना नमस्कार.

तुझाच




ता. क. ०:०:५० तुमच्या जवळच्या कृषी सेवा केंद्रात एक किलोचं पाकीट मिळेल, सुटं मागू नकोस, ओल लागून दगड होतो त्याचा.