‘निश्चित उपचार उपलब्ध नाही’: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

दुर्मीळ आजारांसाठीच्या मदतीचा माझ्या मुलाचा अर्ज गेल्या आठवड्यात ‘निश्चित उपचार उपलब्ध नाही’ एवढ्या शेऱ्यानिशी परत आला. ‘फाइल वर गेली आहे, काळजी करू नका’ असे सांगणाऱ्या टेबलानेच या वाटाण्याच्या अक्षता लावल्या, म्हणून हे जाहीरपणे लिहीत आहे.

मुलाला लेबर हेरेडिटरी ऑप्टिक न्यूरोपॅथी, म्हणजे डोळ्याच्या नसेचा आनुवंशिक आजार आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये 11778 या जागी एक अक्षर बदलले आहे, आणि ते माझ्याकडूनच त्याच्याकडे गेले. कॉलेजात असताना आधी एक डोळा गेला, मग दुसरा. तोवर नसेला सूज आहे म्हणून स्टेरॉइडच चालू होते. आज त्याला ताटाच्या कडेची चटणी दिसते, मधली भाकरी दिसत नाही. माझा चेहरा पाहायचा तर माझ्या कानाकडे नजर लावावी लागते.

महोदय, याच आजारासाठी आयडेबेनोन या औषधाला युरोपीय संघाने 2015 सालीच मान्यता दिली. मायटोकॉन्ड्रियातील ऊर्जानिर्मितीचा बिघडलेला पहिला टप्पा टाळून ते इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवते. सगळ्यांची दृष्टी परत येत नाही हे मी जाणते. पण औषध लवकर सुरू होणे महत्त्वाचे, आणि नेमका तोच काळ आमची फाइल ‘वर’ जाण्यात गेला. शेरा मारणाऱ्या विद्वानांनी नक्की काय वाचले होते?

दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण 2021 चे, त्यात प्रत्येक रुग्णाच्या मदतीची मर्यादा पुढे 50 लाखांवर नेली, म्हणजे कागदावर आम्ही लखपती. शिवाय जत्रेची वर्गणी काढावी तसे देणग्यांसाठी सरकारी संकेतस्थळ आहेच. दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये या आजारांसाठी 974 कोटींच्या निधीचा आदेश दिला, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात धावले. रस्तोरस्ती झळकणाऱ्या फलकांच्या खर्चाविरुद्ध कधी कोणी असे अपील केल्याचे ऐकिवात नाही! मूठभर रुग्णांनी मतांची बेरीज बदलत नाही, हेच खरे कारण असावे.

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने बार्थ सिंड्रोम या मायटोकॉन्ड्रियाच्याच दुसऱ्या दुर्मीळ आजारासाठी एलामिप्रेटाइड या औषधाला मंजुरी दिली, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर औषधे शोधणे अशक्य नाही. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा अभ्यास होतो, मग औषधांच्या चाचण्या आमच्या मुलांपर्यंत का येत नाहीत?

अर्ज पुन्हा उघडावा, जाणकार नेत्रतज्ज्ञापुढे ठेवावा आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा. माझ्या धाकट्या मुलातही हाच बदल आहे. त्याच्यासाठीही हाच शेरा ठरलेला असेल, तर त्याचा शिक्का आताच करून ठेवावा.

आपली,
एक आई, जि. सांगली