दिनविशेषातल्या जुन्या तारखांसोबत तिथीही छापा

महोदय,

आपल्या दैनिकात रोज छापून येणारी ‘दिनविशेष’ ही चौकट आकाराने लहान असली, तरी ती फार लांबवर जाते. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाला की दिनविशेष वाचला जातो. ज्याची पाळी असेल तो मुलगा किंवा मुलगी पेपरातली चौकट वाचते, मग ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली जाते आणि तिथून वह्यांमध्ये उतरते. शिष्यवृत्तीची आणि पुढे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं याच वह्या जपून ठेवतात. म्हणून या चौकटीत जे छापलं जाईल ते काटेकोर असावं, असं मला मनापासून वाटतं.

माझी विनंती जुन्या, म्हणजे मुख्यतः १७५२ च्या आधीच्या तारखांबद्दल आहे.

आमच्या सातवीतल्या एका मुलीने शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख मोबाइलमधल्या कॅलेंडरवर काढली. तिथे बुधवार होता. इतिहासाच्या एका पुस्तकात तिने शनिवार वाचला होता. “बाई, यातलं खरं काय?” असं तिने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर कोणत्याही दिनविशेषात सापडत नाही.

वार शनिवारच. ६ जून ही तारीख त्या काळच्या इंग्रजांच्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. त्या पद्धतीत वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं धरलेलं, खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं. ही मिनिटं शतकानुशतकं साचत गेली आणि पंचांग ऋतूंच्या मागे पडलं. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळून दुरुस्ती केली: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. पोर्तुगालने ती लगेच स्वीकारली. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत वाट पाहिली. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, त्यामुळे त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उजाडला.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. महाराजांच्या काळात गोव्यातले पोर्तुगीज आणि मुंबईतले इंग्रज एकाच दिवसाला दोन वेगळ्या तारखा घालत होते. हेन्री ऑक्झिंडेन कंपनीचा वकील म्हणून राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता. त्याच्या हिशेबात त्या दिवशी जूनची ६ तारीख होती, पोर्तुगीजांच्या हिशेबात १६. आपली तिथी मात्र एकच: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६.

शिवजयंतीचंही तसंच. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या पद्धतीची तारीख, आजच्या पद्धतीने तो दिवस १ मार्च येतो. फाल्गुन वद्य तृतीयेची जयंती बहुधा मार्चमध्ये का येते, असं मुलं दरवर्षी विचारतात. कारणाचा मोठा भाग या दहा दिवसांत आहे. उत्सवाच्या तारखा बदला असं माझं अजिबात म्हणणं नाही. ज्या पद्धतीने साजरे होतात तसेच होवोत, पण मुलांना कारण कळू द्या.

दुसरं उदाहरण पानिपतचं. १४ जानेवारी १७६१ ही तारीख आजच्याच पद्धतीची आणि ती बरोबर आहे. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. पण दरवर्षी त्या दिवशी ‘ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ असं लिहिलं जातं, ते बरोबर नाही. संक्रांत इंग्रजी तारखेच्या हिशेबात साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षं आधी, पानिपतच्या साली, संक्रांत १४ तारखेपूर्वीच होऊन गेली होती. रणांगणावर उपाशीपोटी लढलेल्या त्या माणसांचं दुःख सांगायला योगायोगाची जोड लागत नाही.

परदेशातल्या नोंदींचीही हीच गत. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हमखास असतं. गॅलिलिओचा मृत्यू नव्या पद्धतीने ८ जानेवारी १६४२, न्यूटनचा जन्म जुन्या पद्धतीने २५ डिसेंबर १६४२. दोघांना एकच पद्धत लावली तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला येतो आणि ते वाक्य टिकत नाही. २३ एप्रिलला शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस एकाच दिवशी वारले असं छापलं जातं, तिथेही इंग्लंड आणि स्पेनच्या तारखांमध्ये हेच दहा दिवस आहेत. रशियातली ‘ऑक्टोबर क्रांती’ ७ नोव्हेंबरच्या चौकटीत का येते, हे तर एका ओळीत सांगता येईल. मुलं अशा गोष्टी ऐकताना कान टवकारतात, हे मी वर्गात रोज पाहते.

जागेची अडचण मला कळते. त्यासाठी दहा नोंदींऐवजी सहाच द्या. अभिनेते आणि खेळाडूंचे वाढदिवस एखाद्या दिवशी राहिले तरी चालतील. मराठेशाहीतल्या घटनांपुढे तिथी, शक आणि वार द्यावा, इंग्रजी तारीख जुन्या पद्धतीची असेल तर कंसात ‘जुनी पद्धत’ एवढे दोन शब्द घालावेत. म्हणजे महाराजांच्या निधनाची नोंद अशी होईल: ‘चैत्र पौर्णिमा, शके १६०२, शनिवार, ३ एप्रिल १६८० (जुनी पद्धत)’. येत्या ३ एप्रिलच्या अंकात ती याप्रमाणे छापलीत, तर आमच्या फळ्यावरही तशीच लिहिली जाईल.

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा