पाण्याची बाटली नको, शिंपल्या तपासा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी गंगाखेडला ट्रॅक्टर मिस्त्री आहे, वीस-बावीस वर्षं झाली इंजिनात हात घालून, त्यामुळं समुद्राबद्दल मराठवाड्यातला माणूस कामून लिहितो असं वाटेल, पण विषय ऑईलचा आहे आणि ऑईल मला कळतं.

गेल्या पावसाळ्यात साडूकडं रत्नागिरीला गेलो होतो. किनाऱ्यावर अनवाणी फिरलो तर तळपायाला डांबरासारख्या काळ्या गोळ्या चिकटल्या, पाण्यानं निघेनात, शेवटी खोबरेल तेल लावून चोळून काढाव्या लागल्या. साडू म्हणले दरवर्षी पावसात येतात या, समुद्रात जहाजांचं तेल सांडतं ते घट्ट होऊन किनाऱ्याला लागतं. मग ओहोटीला त्यांनी खडकावरचे शिनाणे दाखवले, म्हणजे शिंपल्याचीच एक जात, हिरवट कवचाचे, दोऱ्यासारख्या केसांनी खडकाला असे घट्ट धरून बसलेले की चाकू घालून काढावे लागतात. मला ते बघूनच वाटलं की हे जनावर जागचं हलत नाही, म्हणजे त्या जागेवर जे आलं ते सगळं याच्या अंगातून गेलं असणार. घरी येऊन पोरीकडून मोबाईलवर वाचून घेतलं तर शिंपले तपासून समुद्राची घाण ओळखायचं काम जगात ५० वर्षांपासून चालू आहे.

एडवर्ड गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९७५ साली ही कल्पना मांडली आणि १९८६ पासून तिकडचं सरकार किनाऱ्यावर ठरलेल्या जागांवरून शिंपले गोळा करून तपासतं. एक शिनाणा दिवसाला कितीतरी लिटर पाणी गाळून खातो. तेलातले पीएएच नावाचे विषारी घटक, ज्यातल्या काहींनी कॅन्सर होतो, ते त्याच्या चरबीत साठतात. मासळी तेच घटक लिव्हरमध्ये मोडून बाहेर टाकते म्हणून मासा तपासला तर बऱ्याचदा काही सापडत नाही, शिंपल्याला ते नीट जमत नाही म्हणून त्याच्यात सापडतं. आणि माझ्या कामाची गोष्ट अशी की कोणते घटक किती आहेत यावरून कच्चं तेल किंवा डिझेल सांडलंय का जळालेल्या इंधनातून आलंय हेही बरंच कळतं. नॉर्वेत तर समुद्रातल्या तेलविहिरींच्या आजूबाजूला स्वच्छ जागेचे शिंपले जाळीत घालून काही आठवडे टांगून ठेवतात आणि मग लॅबला नेतात.

आता आपल्याकडं बघा. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल समुद्रात गेलं, लोकांनी किती दिवस मासळी घेतली नाही. असं झालं की आधी तिथं किती तेल होतं याचा हिशोब हातात पाहिजे, नाहीतर नुकसान मोजणार कशावरून? हा हिशोब शिनाणे देऊ शकतात, पण त्यासाठी दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात घ्यावे लागतात कारण अंडी घालायच्या आधी त्यांची चरबी वाढते आणि आकडे बदलतात. आणि तेल जास्त झालं तर ते तोंड मिटून बसतात, मग पाणी गाळत नाहीत, हेही तपासणाऱ्यानं ध्यानात घ्यावं.

आमच्याकडं मागं एक डिझेलचा टँकर ओढ्यात पलटी झाला होता. तपासणीवाले चौथ्या दिवशी आले, एक बाटली पाणी भरून नेलं आणि पाणी ठीक आहे असं कळवलं. चार दिवसांत वाहून गेलेलं पाणी ठीकच येणार हो! त्याच ओढ्याच्या गाळातल्या शिंपल्या नेल्या असत्या तर खरं कळलं असतं, मी स्वतः त्यातली एक उघडली तर डिझेलचा वास हाताला दोन दिवस होता.

गोड्या पाण्यातही हे चालतं, अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये १९९२ पासून करतात. आमच्या गंगेला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) शिंपल्या लै होत्या, आई त्यांना दगडावर घासून भोक पाडायची आणि कैऱ्या सोलायची. आता घाटावर ट्रॅक्टर, टेम्पो धुतात, तवंग रंगीत दिसतो, आणि काही गॅरेजवाले काळं ऑईल सरळ नालीत सोडतात, माझ्या धंद्यातले आहेत म्हणून मी गप्प बसणार नाही. एका ट्रॅक्टरचं सात-आठ लिटर निघतं, ते जळालेलं ऑईल म्हणजे पीएएचनं भरलेलं, ते नालीतून गंगेत, गंगेतून नांदेड, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागरात जातं. म्हणून समुद्र आमचा नाही असं मी मानत नाही.

माझं म्हणणं एवढंच की कोकणात शिनाण्यांची तपासणी दरवर्षी व्हावी, आकडे मराठीत पेपरात यावेत, आणि आमच्या भागातल्या कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या पोरांना गंगेच्या शिंपल्यांवर हाच प्रोजेक्ट द्यावा. घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं गाळ मऊ आहे तिथं अजून थोड्या सापडतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पोरांनी यावं, जागा मी दाखवतो, आणि ताडून बघायला वरच्या अंगाच्या, जिथं गाड्या धूत नाहीत तिथल्याही काढून देतो.

आपला,
एक ट्रॅक्टर मिस्त्री, गंगाखेड, जि. परभणी