गॅरेजच्या शटरवरील खचलेल्या विटकामाच्या दुरुस्तीबाबत संस्थेच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय: बी विंगमधील गॅरेजच्या शटरवरील लिंटेल (वरच्या भिंतीचे वजन पेलणारी आडवी काँक्रीटची तुळई) बदलून विटकाम दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

माझ्या गॅरेजच्या शटरवरचे विटकाम मध्यभागी खाली आले असून, गाळ्याच्या (शटरसाठी भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेच्या) कोपऱ्यापासून विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली भेग आता पहिल्या मजल्यावरील खिडकीच्या तळापर्यंत पोहोचली आहे. दोरी लावून पाहिले असता लिंटेलचा मध्य टोकांपेक्षा सुमारे 20 मिमी खाली आढळला. खालच्या बाजूचे काँक्रीट सुटून गंजलेली सळई दिसते आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

मागील पावसाळ्यापूर्वी या भेगेवर गिलावा केला होता आणि तो टिकला नाही, यात गवंड्याला दोष देता येणार नाही, कारण बिघाड गिलाव्याच्या आत आहे. गच्चीवरून येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप नेमका तेथेच गळतो. ते पाणी लिंटेलमध्ये मुरून सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतून फुटत जाते. सुस्थितीतील भिंतीत गाळ्यावरच्या विटा कमानीप्रमाणे एकमेकींना धरून राहतात व लिंटेलवर फक्त एका त्रिकोणी भागाचे वजन येते. आठ फुटी गाळा आणि नऊ इंची भिंत धरली तर तेवढेच साधारण एक टन भरते. आपल्याकडे त्या त्रिकोणातच खिडकी येते, आणि इमारत लोडबेअरिंग (भार खांबांऐवजी भिंतींवर पेललेली) असल्यामुळे पहिल्या मजल्याच्या स्लॅबचा भारही याच भिंतीवर आहे. म्हणून ‘पुन्हा एकदा भेग भरून घेऊ’ ही सूचना मला धोक्याची वाटते.

दुरुस्तीत सर्वांत महत्त्वाचा भाग टेकूंचा आहे. एकही वीट काढण्यापूर्वी गॅरेजच्या आतून स्लॅबला लोखंडी जॅक लावावेत, भिंतीत आरपार भोके पाडून त्यांतून आडवे गर्डर घालून वरचे विटकाम दोन्ही बाजूंनी तोलून धरावे, आणि जॅकखाली जाड फळ्या ठेवाव्यात, अन्यथा जॅक फरशीत रुततील. खचलेली भिंत जॅकने वर उचलून सरळ करण्याचा मोह टाळावा. सैल विटा उतरवून नव्याने बांधणे अधिक सुरक्षित. नवे लिंटेल दोन्ही बाजूंना किमान 200 मिमी टेकलेले असावे. ते जागेवर ओतायचे ठरल्यास खालचे टेकू 14 दिवस काढू नयेत. लिंटेलचा माथा आणि जुन्या विटा यांमधील फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरण्याच्या सिमेंट मिश्रणाने) घट्ट भरली जावी. घाईत नेमके हेच राहून जाते आणि टेकू निघताच भिंत पुन्हा बसते. पाइपची गळती अर्थातच आधी बंद करावी.

गॅरेज माझ्या वापरात असले तरी बाहेरील भिंत व लिंटेल हे इमारतीच्या सांगाड्याचे भाग असल्याने हा खर्च संस्थेच्या दुरुस्ती निधीतून व्हावा, अशी विनंती आहे. शटर उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च मी देईन. आपल्या इमारतीला 30 वर्षे उलटली असून गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) अपेक्षित आहे. त्या निमित्ताने शेजारच्या गॅरेजची लिंटेलेही पाहून घेता येतील.

तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून, त्यांच्या लेखी तपशिलानुसारच दरपत्रके मागवावीत व काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावे. माझी गाडी मी बाहेर काढली आहे. पाहणी होईपर्यंत शटरसमोर मुलांचे खेळणे व दुचाकी लावणे बंद राहील, अशी सूचना फलकावर आजच लावावी.

कळावे,
आपला विश्वासू,
सभासद व गॅरेजधारक, बी विंग

सोबत: छायाचित्रे